कूलर बंद ठेवून घेतलेली चाचणी

हिंगणघाटच्या आमच्या कार्यालयात दोनच टेबलं होती आणि मे महिन्यात दोन्ही कूलरच्या तोंडाशी सरकलेली असत. काम होतं ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, चाचण्या वेगवेगळ्या जातींच्या प्रोसेसरवर चालवण्याचं. चाचण्या मी चालवायचो. दुसऱ्या टेबलावरची सहकारी सिंदी रेल्वेहून यायची. तिने कर्नलमध्ये एक बदल लिहिला होता. शुक्रवार संध्याकाळपर्यंत तो सगळ्या प्रोसेसरवर पास झाला तर येत्या आवृत्तीत जाणार होता, नाहीतर वगळला जाणार होता. तिची नोकरी कंत्राटी होती. ती कायम होणं याच बदलावर अवलंबून होतं.

लॅपटॉपवर चाचणी पास झाली. मोबाइलमध्ये असतो तसल्या प्रोसेसरचा एक छोटा बोर्ड खिडकीत ठेवलेला होता. त्यावर ती सकाळी पास झाली आणि दुपारी नापास. मी बोर्ड कूलरसमोर ठेवला. पास. पुन्हा लावली, पुन्हा पास.

"बोर्ड तापत होता," मी म्हणालो. "अहवाल पाठवून देऊ."

"थंड केल्यावर पास झालं म्हणजे बरोबर झालं का, भाऊ?"

"उद्या शुक्रवार आहे."

"मले माहीत आहे. पण हे लोकायच्या मशीनवर जाईन. तिथं तुमचा कूलर जाणार आहे का?"

तिने बोर्ड परत खिडकीत ठेवला आणि कूलर बंद केला.

घरमालक खालीच राहत. कूलरचा आवाज थांबला तसे ते वर आले.

"काऊन, बिघडला का?"

"नाई काकाजी," ती म्हणाली, "मशीनले ताप आणून राह्यलो."

"मंग मशीनले आणा. सोता काऊन भाजून राह्यले?" मठ्ठा पाठवतो म्हणून ते खाली गेले.

बोर्ड तापला, प्रोसेसरचा वेग उतरला आणि चाचणी वारंवार नापास होऊ लागली. आम्हाला हवं होतं ते हेच. चूक आता हाताशी होती. तिच्या बदलात प्रोसेसरचा एक भाग आधी माहिती लिहायचा आणि मग 'तयार' अशी खूण करायचा. दुसरा भाग ती खूण पाहून माहिती वाचायचा. लॅपटॉपचा प्रोसेसर हा क्रम पाळतो. बोर्डाचा प्रोसेसर तशी हमी देत नाही. तिथे खूण आधी दिसू शकते, आणि मग वाचली जाते ती जुनी माहिती. थंड असताना हे क्वचितच घडायचं. तापलेल्या, मंदावलेल्या बोर्डावर ते उघड झालं.

"चूक माझी आहे, बोर्डाची नाई," ती म्हणाली. माहिती पोचल्याशिवाय खूण दिसू नये, अशी अट घालणारी एक ओळ तिने जोडली.

शुक्रवारी दुपारी, कूलर बंद ठेवून, ओले रुमाल मानेवर टाकून आम्ही सगळ्या चाचण्या पुन्हा घेतल्या. एकही नापास झाली नाही. अहवालात तिने आधीचा बदल चुकीचा होता हेही लिहिलं. संध्याकाळी दुरुस्त केलेला बदल स्वीकारल्याचं उत्तर आलं.

"लावा आता," ती कूलरकडे बघत म्हणाली.

पुढे ती कायम झाली. बोर्ड अजून खिडकीतच आहे. उन्हाळ्यात दुपारची एक फेरी आम्ही कूलरविना घेतो. बंद मात्र तो तीच करते.