आबांच्या चालीचा कॉम्प्युटर

आबांना अर्धांगाचा झटका आला, त्याच्या आदल्या आठवड्यात मी माझ्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर बदलायचं पक्कं केलं होतं.

आबा म्हणजे माझे वडील. एस.टी.चे ड्रायव्हर. कोल्हापूर–गडहिंग्लज या एकाच मार्गावर त्यांची बहुतेक नोकरी गेली. कागल, निपाणी, तवंदीचा घाट, संकेश्वर, गडहिंग्लज आणि तोच रस्ता परत. मी एका छापखान्यात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवायचं काम करत होते. दिवसभर त्या गणपतीच्या चित्रांनी आणि वेलबुट्टीनं डोळे भरून जायचे. घरी आले की माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर गेम खेळायचे. पंचविशीतली पोरगी गेम खेळते म्हणून नातेवाईक हसायचे. आबांनी मात्र कधी काही म्हटलं नाही. एकदा फक्त पाठीमागं उभं राहून म्हणाले होते, "दिवसभर गाडी चालवून आल्यावर मी रेडिओ ऐकतो, तसंच हाय हे."

कॉम्प्युटर नव्वदच्या दशकाच्या शेवटी घेतलेला, चार वर्षांचा. नवा गेम घातला की धापा टाकायचा. शाहूपुरीतल्या ज्या दुकानातून तो जोडून घेतला होता, तिथले मालक मूळचे गडहिंग्लजकडचे, घरात कानडी बोलणारे. गळ्यात लिंग, कपाळावर विभूतीची पुसट रेघ आणि हातात कायम स्क्रू-ड्रायव्हर.

"ताई, तुमचा बोर्ड जुना हाय," ते म्हणाले होते. "त्यात बसणारा सगळ्यात वेगवान प्रोसेसर आता निघायचा बंद झालाय. माझ्याकडं दोनच राह्यलेत. ते संपले की बोर्ड, रॅम, सगळंच बदलायला लागंल. आताच काय ते ठरवा."

"पुढच्या आठवड्यात येतो," मी म्हणाले. आमच्या कोल्हापुरात मुलीसुद्धा 'येतो', 'जातो' असंच म्हणतात.

पुढच्या आठवड्यात मी दवाखान्यात होते.

आबा वाचले. बोलणंही आठ-पंधरा दिवसांत बरंचसं परत आलं. पण उजवा हात नुसता शेजारी ठेवलेल्या वस्तूसारखा पडून राहायचा. घरी सोडताना डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला आणि सांगितलं, दिवसातून तीनदा दाबायचा, बोटं चालती ठेवायची. आबांनी तो दोन दिवस दाबला. तिसऱ्या दिवशी डाव्या हातानं उचलला आणि खिडकीतून बाहेर टाकला. आईनं तो परत आणला, तर म्हणाले, "लहान पोराचा खेळ हाय. मला नको." त्यानंतर ते कॉटवर पडून खिडकीकडं बघत राहायचे. बाहेर रस्ता होता, पण त्यांची नजर रस्त्यावर नसायची.

अशाच एका रविवारी दुपारी मी मोटारींच्या शर्यतीचा गेम लावला. नवाच होता, आणि माझ्या कॉम्प्युटरला अजिबात न झेपणारा. कसाबसा चालावा म्हणून मी त्यातलं जे जे बंद करता येईल ते बंद केलं होतं. झाडं नाहीत, ढग नाहीत, पाणी नाही. लांबचं काही दिसायचंच नाही, सगळीकडं पांढरट धुकं. त्या धुक्यातून राखाडी रस्ता थोडा थोडा उलगडत यायचा. इतकं करूनही प्रोसेसर मागं पडायचा आणि मग गेममधला काळच संथ व्हायचा. गाडी वळणावर आली की पाण्याखालून चालल्यासारखी तरंगत वळायची. इंजिनाचा आवाज लांबायचा. घड्याळातला सेकंदसुद्धा आळस दिल्यासारखा यायचा.

मी वैतागून तो बंद करणार, एवढ्यात कॉटवरून आवाज आला.

"वळणाच्या आधी गिअर उतरव की. वळणात काय उतरवतीस?"

मी मागं बघितलं. आबा कोपरावर रेलून उठले होते आणि पडद्याकडं बघत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते कशाकडं तरी बघत होते.

"चालवता का?" मी विचारलं.

त्यांनी पाय कॉटखाली सोडले. मी लोखंडी खुर्ची पुढं ओढली, त्यांना धरून बसवलं. डाव्या हातानं त्यांनी उजवा हात उचलला आणि कीबोर्डच्या बाणांवर नेऊन ठेवला. मधलं बोट हललं. फार थोडं हललं. पण ती गाडी इतकी सावकाश चालत होती, की तेवढं हलणं तिला पुरलं. धुक्यातून डावीकडं वळण आलं, आबांचं बोट त्या बाणापर्यंत पोचायला दोन श्वास लागले, आणि तरीही गाडी रस्त्यावरच राहिली.

"तवंदीच्या घाटात पावसाळ्यात असंच असतंय," ते हळूच म्हणाले. "दिव्याच्या पुढं दोन हात दिसत्यात. तेवढंच बघायचं."

दारात आई हातातली परात तशीच धरून उभी होती.

त्या दिवसापासून आमचा नेम झाला. मी छापखान्यातून यायचे, आबा खुर्चीवर आधीच बसलेले असायचे. तास-दीड तास ते त्या धुक्यातून गाडी चालवायचे आणि मी शेजारी स्टुलावर बसून राहायचे. ते संध्याकाळचे तास आता आठवले की त्यांना कडा नसतात. खोलीत मावळतीचं पिवळं ऊन असायचं, आईच्या फोडणीचा वास असायचा, आणि पडद्यावर तो न संपणारा रस्ता. आबा मधेच एखाद्या थांब्याचं नाव घ्यायचे. इथं एक म्हातारी कोथिंबिरीची पाटी घेऊन चढायची. इथं शाळेची पोरं हात करायची. गेममधला रस्ता कुठल्या परदेशातला होता कोण जाणे, त्यांच्या बोलण्यात तो निपाणीवरून जायचा. मलाही तो तसाच दिसायला लागला. कधी कधी मला डुलकी लागायची, आणि जागी व्हायचे तेव्हाही गाडी चालतच असायची.

महिन्याभरात मधल्या बोटाबरोबर शेजारचं बोट हलायला लागलं. दोन महिन्यांनी आबांनी त्याच हातानं पेला धरला. डॉक्टरांनी विचारलं, "चेंडू रोज दाबता वाटतं?"

"न्हाय," आबा म्हणाले. "गाडी चालवतोय."

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले, तेव्हा मला सगळं सांगावं लागलं.

मधे एकदा मी शाहूपुरीत गेले. दोनपैकी एक प्रोसेसर विकला गेला होता.

"एक तुमच्यासाठी थांबवलाय. पण किती दिवस थांबवू, ताई?" मालकांनी विचारलं. "गिऱ्हाईक रोज विचारतंय."

मी त्यांना खरं कारण सांगितलं. वडील आजारी आहेत, हात चालत नाही, आणि माझा कॉम्प्युटर संथ आहे म्हणूनच त्यांना तो गेम जमतोय. नवा प्रोसेसर बसवला की गाडी तिच्या खऱ्या वेगानं पळेल. पहिल्याच वळणावर ते आपटतील, आणि मग पुन्हा कॉटवर जाऊन खिडकीकडं बघत बसतील.

मालकांनी शेवटचा प्रोसेसर काचेच्या कपाटातून काढला आणि स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवला. "असू दे. हितं कुणाला दिसणार न्हाई," म्हणाले.

मी फार समजूतदार होते, असं मात्र कुणी समजू नये. माझे दोन नवे गेम प्लास्टिकच्या वेष्टणातच पडून होते. आबा खुर्चीवर असेपर्यंत मला माझाच कॉम्प्युटर मिळायचा नाही, आणि मिळाला तरी त्यावर मला हवं ते चालायचं नाही. एका संध्याकाळी छापखान्यात एका पत्रिकेत नवरदेवाचंच नाव चुकल्यामुळं मालकांची बोलणी खाऊन आले होते. आबांना तसं रमलेलं बघून माझ्या मनात आलं, बास झालं आता. तोंडातून काही निघालं नाही, पण तोंड दिसत असणार.

आबांनी गाडी थांबवली. खुर्ची माझ्याकडं वळवली.

"पोरी, एक विचारू? ह्याचं इंजिन दमलंय न्हवं?"

"कशाचं?"

"ह्या कॉम्प्युटरचं. चढ आला की आवाज तुटतोय. लोड ओढवत न्हाय त्याला. मी पहिल्या दिवशीच वळखलं."

"तसं काही न्हाय, आबा. गेमच तसा हाय."

"खोटं बोलू नकोस. तीस वर्षं इंजिनाच्या शेजारी बसलोय मी." ते हसले. झटक्यानंतर त्यांचं हसणं एका बाजूला झुकायचं. "डेपोत सकाळी गाडी ताब्यात घेताना ड्रायव्हरची सही लागती. अशी गाडी दिली असती तर मी सही केली नसती. तू माझ्यासाठी थांबलीयास, व्हय की न्हाय?"

मी मान हलवली.

"मग आता बदल."

"आणि तुम्हाला जमलं न्हाय तर?"

"न जमायला ती काय प्रवाशांनी भरलीया?" आबा म्हणाले. "आपटली तर आपटली. आणि हे बघ, मी पण येणार दुकानात. इंजिन बदलायचं आणि ड्रायव्हरला म्हाईत न्हाय, असं कुठं असतंय?"

आजारानंतर दवाखान्याखेरीज आबा घराबाहेर पडले ते त्या दिवशी पहिल्यांदा. कॉम्प्युटरचा डबा माझ्या मांडीवर, आबा शेजारी, आणि रिक्षा शाहूपुरीच्या गर्दीतून वाट काढत निघालेली. आबा डाव्या हातानं दांडी धरून बाहेर वाकून बघत होते. रिक्षावाल्याला दोनदा म्हणाले, "सावकाश, पावणं, सावकाश."

दुकानाची पायरी चढताना मालक मदतीला पुढं आले आणि हात धरता धरता थबकले.

"तुम्ही गडहिंग्लज गाडीवर होता का?"

"व्हतो की. का?"

मालकांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर ठेवला. "मी हितं कॉलेजला होतो तेव्हा आमची आई सकाळच्या गाडीतनं माझा डबा धाडायची. तीन वर्षं. मी स्टँडवर येऊन तुमच्याकडनं घेत होतो. तुम्ही कधी हो म्हणायला कंटाळला न्हाईत."

आबा त्यांच्या चेहऱ्याकडं बराच वेळ बघत राहिले. चेहरा आठवत नव्हता, ते मला दिसत होतं. मग एकदम म्हणाले, "निळा रुमाल. गाठ इतकी घट्ट, की सांडायचं नाव न्हाय. आणि सोमवारी डबा हलका असायचा."

"सोमवारी आमच्यात उपास," मालक म्हणाले, आणि त्यांनी चेहरा वळवून उगाच कॉम्प्युटरचे स्क्रू काढायला घेतले.

प्रोसेसर बसवायला पंधरा मिनिटंही लागली नाहीत. आबांनी जुना तळहातावर ठेवून घेतला. नखाएवढ्या जाडीचा तो चौकोन, खाली सोनेरी टाचण्यांची दाट रांग. "एवढंसंच व्हय?" ते म्हणाले. त्यांच्या उजव्या हातानं तो धरला होता, आणि तो पडला नाही.

घरी येऊन गेम लावला. गाडी सुसाट सुटली आणि पहिल्याच वळणावर कठड्यावर आदळली. दुसऱ्यांदाही तेच. सातव्यांदा आदळल्यावर मी माउसकडं हात नेला, तर आबांनी तो बाजूला केला.

"थांब. पळवायची कुणी सांगितलीया?"

त्यांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि तिथंच ठेवली. बाकीच्या सगळ्या गाड्या भर्रकन पुढं निघून गेल्या. आबांची गाडी रिकाम्या रस्त्यावरून आपल्या चालीनं निघाली. पडद्यावर ते शेवटचे असल्याचं लाल अक्षरात यायला लागलं. "काय म्हणतोय तो?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "म्हणू दे," आबा म्हणाले.

आता प्रोसेसरला झेपत होतं म्हणून मी गेममध्ये जाऊन बंद केलेलं सगळं चालू केलं. धुकं विरलं. दोन्ही बाजूंना झाडं उभी राहिली, त्यांच्या सावल्या रस्त्यावर पडल्या. वर ढग आले. आबांनी गाडी पुन्हा सुरू केली, आणि तिसऱ्या वळणावर कठड्यापलीकडं, जिथं इतके महिने नुसता पांढरा पडदा होता, तिथं समुद्र निघाला. निळा, लांबच लांब, लाटांवर ऊन हलत असलेला.

आबांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली.

"आगं, हिकडं ये," त्यांनी आईला हाक मारली. "समुद्र हाय बघ. रोज ह्याच्या कडंनं जात व्हतो, आणि आपल्याला पत्ताच न्हाय."

आई पदराला हात पुसत आली आणि कॉटच्या कडेला टेकली. शर्यत केव्हाच संपली होती, पण कुणी काही दाबलं नाही. आम्ही तिघं त्या लाटा बघत बसलो. थोड्या वेळानं आईनं विचारलं, "हितं उतरता येतंय का?"

"न्हाय," मी म्हणाले. "गाडीतूनच बघायचं."

"चालतंय," आई म्हणाली, आणि पाय वर घेऊन नीट बसली.