कंडेन्सरचे अंगठे

साखरा गावच्या संतरामांना सगळं ऐकू येत होतं, पण त्यांचं कुणालाच ऐकू जात नव्हतं. फौजेच्या सिग्नलमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी माजघरात हौशी रेडिओ मांडला होता. त्याचा आवाज लांब फेकणारा जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा अँप्लिफायर एका सकाळी फट् करून बसला. आतले वीज साठवणारे, भारी व्होल्टेजचे दोन्ही कंडेन्सर फुगले होते.

तिकडे अंदमानातून सोमेश्वर दर रविवारी रेडिओवर हाक मारायचे. नोकरीपायी तिकडेच राहिलेला मराठी माणूस. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, फोन नंबर मागायचं कधी सुचलं नव्हतं. ओळख काय ती आवाजाची, पोरं रांगत होती तेव्हापासूनची. गेल्या खेपेला सोमेश्वर म्हणाले, पुढचा रविवार शेवटचा, मग एरियलचा खांब उतरवून लेकीकडे निघालो. संतराम जिवाच्या आकांताने बोलले. शब्द गावाची शीव ओलांडेना.

शनिवारी हैदराबादहून नवे कंडेन्सर आले. संतरामांनी प्लग काढला, कोरड्या बांबूला बांधलेली तार टेकवून साठलेली वीज उतरवली, जुन्या कंडेन्सरचे डबे सोडवून ओट्यावर ठेवले आणि घाईघाईने आत वळले.

त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई डबे उचलायला वाकल्या नि तशाच थांबल्या.

"आवं, यायचे अंगठे बांधले न्हाईत तुमी."

मेलेल्या माणसाच्या पायाचे अंगठे बांधतात, तशी काढलेल्या कंडेन्सरची दोन टोकं तारेने बांधायची, ही संतरामांच्या उस्तादांची शिकवण. बायकोला ती त्यांनीच सांगितलेली.

"मघाच जीव गेला त्यायचा," ते हसले. "आता काय उठून बसतेत का?"

तरी तिच्या समाधानासाठी त्यांनी तार टेकवली. चट्कन निळी ठिणगी उडाली.

संतरामांचं हसू ओठांवरच विझलं. उभी हयात विजेशी खेळण्यात गेली, तरी मुळापासून तोडलेल्या त्या पत्र्याच्या पोटात पुन्हा कुठून एवढी वीज जमली, म्हणून ते लेकरासारखे बघत राहिले. मग ते डबे उचलायला निघालेल्या बायकोच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही डब्यांना तार गुंडाळली, देवापुढे बसावं तसे खाली बसले आणि नवे कंडेन्सर सावकाश जोडले.

रविवारी व्हॉल्व्ह तांबूस उजळले. तिसऱ्या घंटेनंतर नाट्यगृह शांत होतं, तसं घर शांत झालं.

"सोमेश्वर, मी हाये."

नुसती खरखर. मग हजार कोसांच्या पाण्यावरून थकलेला आवाज आला, "अरे, मला वाटलं तू गेलास."

चुलीजवळून मनकर्णाबाई म्हणाल्या, "सांगा त्यायला, अंगठे बांधले न्हाईत अजून."

संतरामांनी डोळे पुसले आणि शब्द न् शब्द समुद्रापार पाठवला.