भोयर ड्रेसर आणि सर्जा

माझे वडील, यादवराव भोयर, काटोलच्या जनावरांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं ड्रेसर होते. डॉक्टर बदलून जायचे, नवे यायचे, बाबा तिथंच. बैलाच्या खांद्यावरची सूज, शेळीची पोटफुगी, गाईच्या खुरात शिरलेला खिळा, सगळं आधी त्यांच्या हाताखालून जायचं. गावात त्यांना यादवराव कोणी म्हणत नसे. 'भोयर ड्रेसर' म्हणत.

आई गेली त्या वर्षी, म्हणजे २०१६ साली, मी त्यांना अमेरिकेत, पार्सिपनीला घेऊन आलो. घरात मी, माझी बायको दीपा आणि दहा वर्षांची आन्या. मी आणि दीपा दोघंही आयटीत, सकाळी आठलाच घराबाहेर. आन्या शाळेत. बाबा मागच्या काचेच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे. संध्याकाळी मी विचारायचो, "काय केलं आज?"

"काही नाही. बसलो."

त्यांचे हात मांडीवर उताणे पडलेले असायचे. ते हात असे रिकामे मी कधी पाहिले नव्हते.

त्याच सुमाराला आन्यानं हस्की कुत्र्याचा हट्ट धरला. तिच्या मैत्रिणीकडे निळ्या डोळ्यांचा हस्की होता, तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. दीपाचं म्हणणं, दुपारी त्याला फिरवणार कोण? माझ्या ऑफिसातल्या एकानं तिसरंच काढलं. म्हणाला, हस्की घेण्याआधी मॅलम्यूट बघा, दिसायला तसाच, पण स्वभाव वेगळा. झालं, दोन महिने आमच्याकडे दोनच जाती. मी माहिती छापून फ्रिजवर दोन कागद लावले. दीपा जाता येता पेननं त्यावर खुणा करायची.

एका रविवारी बाबांनी विचारलं, "काय लिहिलं आहे हे?"

मी समजावून सांगितलं. दोन्ही बर्फातली गाडी ओढणारे कुत्रे. दोघंही लांडग्यासारखे दिसतात. हस्की हलका, पळण्यात तरबेज, कुंपणावरून उडी मारून पसार होतो. मॅलम्यूट जवळजवळ दुप्पट वजनाचा, ओझं ओढणारा, पण चालीनं सावकाश.

बाबा म्हणाले, "म्हणजे एक शंकरपटात पळणारा बैल अन् एक वखराचा."

माझे दोन कागद त्यांनी एका वाक्यात संपवले. वर म्हणाले, "कागद पाहून बैल घेते का कोणी? पाहाले नेशील का मले?"

आल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी आम्ही चौघं निघालो. उत्तरेला दीड तासावर मार्था नावाची एक बाई सोडून दिलेले कुत्रे सांभाळायची. टेकडीवर घर, मागं मोठं आवार. तिच्याकडे दीड वर्षाचा एक हस्की होता, दोन्ही डोळे निळे. आन्या गाडीतून उतरली ती थेट त्याच्या गळ्यात. बाबांनी त्याचा पट्टा हातात घेतला. त्यानं बाबांभोवती तीन गिरक्या मारल्या आणि पट्टा त्यांच्या पायांत गुंडाळला. बाबा पडता पडता सावरले आणि खळखळून हसले. आई गेल्यानंतर त्यांना हसताना मी ऐकलं नव्हतं.

मग मार्थानं मॅलम्यूट आणला. सहा वर्षांचा, राखाडी पांढरा, डोकं भल्या मोठ्या परातीएवढं. तो दहा पावलं चालला आणि बसला. मार्था म्हणाली, हा आळशी आहे, म्हणून याला कोणी नेत नाही.

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्याच्या बाजूला उकिडवे बसले. डोक्याला हात लावला नाही, नजरेला नजर दिली नाही. नुसता हाताचा मागचा भाग त्याच्या नाकाशी धरून बसले. पाच मिनिटांनी त्याचा पुढचा पाय उचलला, बोटांमधले केस बाजूला केले आणि अंगठ्यानं हलकेच दाबलं. कुत्र्यानं पाय मागं घेतला.

"अतुल, तिले सांग, हा आळशी नाही. याचा पाय दुखते."

मी सांगितलं. मार्था वाकून बघायला लागली. त्या दाट केसांत तिला काही दिसेना. बाबांनी कोमट पाणी मागितलं, मीठ मागितलं, स्वच्छ फडकं मागितलं. मी भाषांतर करत राहिलो. त्यांनी पाय बराच वेळ पाण्यात धरला. तोंडानं काटोलच्या बैलांशी बोलायचे तसं काहीतरी पुटपुटत होते. शेवटी दोन बोटांच्या नखांत धरून त्यांनी एक कुसळ बाहेर काढलं. रानगवताचं, इंचभर लांब. कुत्रा तोंडातून हूं सुद्धा म्हणाला नाही.

"डॉक्टरले दाखवा म्हणा. आत राहिलं असन तर तो पाहीन. मी ड्रेसर आहे, डॉक्टर नाही."

मार्था त्यांच्या तळहाताकडे बघत राहिली. मग तिनं त्यांचा ओला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. बाबांना काय करावं कळेना.

परतताना गाडीत आन्यानं जाहीर केलं, "आय वॉन्ट द हस्की."

"घे ना," बाबा म्हणाले. "तुझा कुत्रा आहे. मी काय, आज आहे उद्या नाही. तुले आवडते तो घ्यावा."

खरं सांगतो, मला वाटत होतं त्यांनी दुसऱ्यासाठी शब्द टाकावा. पण बाबांनी कधी कुणाच्या गोठ्यात आपली मर्जी चालवली नाही. मग आन्या म्हणाली, "आबा, त्याचा पाय आता कोण बघेल?"

"पाहतीन ना तिथले लोक."

"पण आजपर्यंत कोणीच नव्हतं बघितलं."

आन्या खिडकीकडे तोंड करून रडली. निळ्या डोळ्यांसाठी रडली, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. घराच्या वळणावर ती म्हणाली, "ओके. द बिग वन."

पुढच्या शनिवारी तो घरी आला. बाबांनी त्याचं नाव सर्जा ठेवलं. गल्लीतल्या लोकांना वाटलं 'सार्ज', म्हणजे सार्जंट, आणि तेच नाव पडलं. रोज अकरा वाजता बाबा कानटोपी घालून त्याला घेऊन निघायचे. बाबांना येस, नो आणि थँक्यू एवढंच इंग्रजी यायचं. तरी अर्ध्या तासाच्या फेरीला त्यांना दीड तास लागायचा.

पहिला बर्फ पडला तेव्हा सर्जा मागच्या अंगणात जाऊन त्यातच झोपला. बाबा शाल घेऊन दाराशी, "अरे, गारठून मरन तो!" मी कितीदा सांगितलं तरी पटेना. शेवटी स्वतः बाहेर जाऊन त्याच्या पोटाखाली हात घालून आले. "गरम आहे," म्हणाले, आणि मग त्यांचा जीव शांत झाला.

वर्षातून दोनदा त्याची लोकर गळायची. बाबा अंगणात बसून त्याला विंचरायचे, ढिगावर ढीग. दीपा व्हॅक्यूम फिरवून वैतागायची. पण पोळ्याला पुरण तिनंच घातलं. बाबांनी सर्जाच्या खांद्याला तूप हळद लावली, आन्यानं दीपाची जुनी ओढणी त्याच्या पाठीवर झूल म्हणून घातली. घासभर पुरणपोळी खाऊन तो दिवसभर दीपाच्या मागं मागं हिंडला. त्या दिवसाचा फोटो माझ्याकडे आहे. बाबा कॅमेऱ्याकडे न बघता सर्जाच्या खांद्याकडे बघतायत.

शेवटच्या वर्षी सर्जाचे मागचे पाय गेले. बाबांनी टॉवेलची झोळी त्याच्या पोटाखालून घातली आणि दोन्ही टोकं धरून त्याला अंगणात फिरवलं. स्वतः अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मी धरतो म्हटलं तर म्हणायचे, "तुले जमत नाही, तू घाई करतं." २०२१ च्या पानगळीत तो गेला. बाबा त्यानंतर सव्वा वर्ष होते. अकराची फेरी त्यांनी चालूच ठेवली, एकट्यानं.

बाबांच्या अंत्यविधीला आमची दहा बारा मराठी कुटुंबं येतील असं धरलं होतं. हॉलमध्ये मागच्या रांगेत सात आठ अनोळखी लोक बसलेले. गल्लीतले. त्यांतला एक उंच, म्हातारा माणूस माझ्यापाशी आला. म्हणाला, "तुझे वडील रोज माझ्याशी बोलायचे. मला एक शब्द कळायचा नाही. माझी बायको गेली तेव्हा ते आठवडाभर माझ्या पायरीवर येऊन बसले, ते आणि सार्ज. मला इतकंच विचारायचं होतं, ते काय बोलत होते?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. मग आम्ही दोघं बाकावर शेजारी बसलो आणि मी त्याला काटोलच्या दवाखान्याबद्दल सांगायला सुरुवात केली.