दोन अन्नपूर्णा

आमच्या रोह्याच्या घरात रागवायचा मान मोठ्या भावाचा. धाकट्याने समजूतदार असायचं. ते काम मी इतकं मन लावून केलं, की पन्नाशीत पोटाबरोबर समजूतदारपणाही पुढे आला. त्यामुळे यंदा मला जो राग आलाय, तो मला नीट करतासुद्धा येत नाही. पण आलाय.

दादा ठाण्याला असतो. घराचं रंगकाम निघालं तेव्हा त्याने जुना लाकडी देव्हारा काढून संगमरवरी देवघर बसवून दिलं. सोबत डोळे मिटून मांडी घातलेला, हातभर उंच पांढरा शंकर. त्याच्यासमोर ध्यानाला बसायचं म्हणे. मी बसलो. शंकर ध्यानात राहिला, मला झोप लागली. इथवर माझी काही तक्रार नव्हती.

मग इथे आलेला असताना दादाने कुणा वास्तुवाल्याला व्हिडिओवर आमचे देव दाखवले. त्या गृहस्थाने तिकडूनच फर्मावलं, एका देवघरात दोन अन्नपूर्णा नकोत, एक विसर्जित करा.

दोन होत्या, कारण सून आपली घेऊनच येते. लग्नात गौरीहरापाशी बसून जिच्यावर तांदूळ वाहते, ती अंगठ्याएवढी पितळी देवी तिच्याबरोबर सासरच्या देव्हाऱ्यात येते. एक आमच्या आईची, एक माझ्या बायकोची. सासूसुनेचं एका ओट्यावर कधी पटलं नाही, पण आई होती तोवर रोज दोन्ही देव्या चिंचेने घासायची. सुनेची जरा जास्तच जोरात.

आई आता नाही. तेव्हा तिची ठेवायची, असं दादाने परस्पर ठरवलं. आम्ही नवराबायको बाजारातून आलो तर बायकोची अन्नपूर्णा निर्माल्याच्या पिशवीत, सुकलेल्या जास्वंदीखाली, आणि पिशवी दाराशी. संध्याकाळी तो कुंडलिका नदीत सोडणार होता. वर बायकोला समजावतो कसा, तुमच्या माहेरी जोह्याला तर देव बुडवायलाच घडवतात, तुला काय त्याचं एवढं?

तिने पिशवीत हात घातला, देवी काढली, पदराने पुसली.

"दादा, आमच्याकडं बुडवायचे देव वेगळे नि ठेवायचे वेगळे. अख्खं घर गणपतींनी भरलेलं असायचं, पाय ठेवायला जागा नाय. पण सगळे गिऱ्हाइकांचे. आयनं ही एकच दिली, जी कुणी न्यायची नाय."

इथे मी गरजायला हवं होतं. आवाज निघाला तो शिट्टी अडकलेल्या कुकरसारखा. "मग मलापण सोड कुंडलिकेत. एका घरात दोन भाऊ तरी कशाला?"

दादा म्हणाला, तुला शास्त्र कळत नाही, तू मध्ये पडू नको. मग जरा नमून, एवढं असेल तर ठेव परत, म्हणाला. तिने ठेवली नाही. निर्माल्यात टाकलेली देवी पुन्हा त्याच दगडावर बसवणार नाही, म्हणाली, आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर वाटीभर तांदळात उभी केली.

दर गणपतीला दादा या घरी येऊन तिच्या हातचं पोट फुटेस्तोवर जेवतो. मोदक मोजत नाही. आणि तिची देवी टाकताना तिला एका शब्दाने विचारलं नाही. पाटावर मांडी घालून वाढून घेणाऱ्याला शास्त्र फार लवकर कळतं.

तो ठाण्याला गेल्यावर मी आंघोळ करून आईची अन्नपूर्णा उचलली आणि त्याच तांदळात शेजारी ठेवली. बायकोने पाहिलं. वाटी बदलून मोठी घेतली.

परवा दादाने व्हिडिओ लावून देवघर दाखवायला सांगितलं. आईची कुठाय, म्हणाला.

"स्वयंपाकघरात. दोघी."

हे बरं नाही, आत्ताच्या आत्ता आणून ठेव, म्हणाला. मी नाही म्हटलं. मोठ्या भावाला नाही म्हटल्यावर पुढे काय बोलायचं असतं याचा मला काहीच सराव नव्हता, म्हणून फोनच ठेवला. नंतर तो दोनदा वाजला. वाजू दिला.