घरी ठीक ना?

वाशीमला मी ट्रकवाल्यांचा दलाल होतो. हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली, कारण दलाल म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी जन्मभर पाहिलंय. तेव्हा वाशीम जिल्ह्याचं गाव नव्हतं, अकोल्याचा एक तालुका होता. सत्तर सालानंतरची ती वर्षं. हिंगोली रस्त्याला टिनाचं एक शेड, बाहेर बाकडं, आत टेबल आणि टेबलावर काळा फोन, एवढंच माझं राज्य. व्यापाऱ्याकडे माल असायचा आणि गाडी नसायची, ड्रायव्हरकडे गाडी असायची आणि माल नसायचा. त्या दोघांची गाठ घालून द्यायची, हे माझं काम. दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभं राहायचा धंदा तो, आणि मी आपला उभा होतो.

ड्रायव्हर दलालाला पारखून घेत. पाहुणे मुलगी पाहायला येतात ना, तसे बाकड्यावर येऊन बसत, चहा पीत, इकडचं तिकडचं बोलत आणि तेवढ्यात सगळं पाहून घेत. माल मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय, की व्यापाऱ्यानं पढवलेलं पोपटासारखं बोलतोय? माल नसेल तर सरळ 'नाही' म्हणतो, की 'संध्याकाळी बघू' करत चार दिवस बाकड्यावर सडवतो? सुकी म्हणून सरकीची ओली ढेप तर गळ्यात मारत नाही? या सगळ्या परीक्षांत मी पास होतो. हे जरा तोऱ्यात सांगून घेतो, कारण पुढं तोरा मिरवण्यासारखं काही नाही.

पण ही वरवरची पारख झाली. खरी पारख निरोपाची. ड्रायव्हर पंधरा-पंधरा दिवस बाहेर. खेड्यात फोन नाही, आणि पत्र पोचेपर्यंत गाडी भलत्याच गावाला. म्हणून घरची माणसं एसटीनं माझ्या शेडवर येत आणि निरोप ठेवून जात. तो मी आतल्या पत्र्यावर खडूनं लिहून ठेवी. आधी वार, मग गाव, मग निरोप. नाव लिहायची गरज नसे. ड्रायव्हर गावावरूनच ओळखले जात, अनसिंगवाला, मंगरूळवाला, किन्हीराजावाला. 'बुध, मंगरूळ, बहिणीचं जमलं.' 'शनि, अनसिंग, बैल विकला.' ड्रायव्हर नांदेडहून, नागपूरहून तिथल्या दलालाच्या फोनवरून ट्रंक कॉल लावी. मालाचं बोलणं होई, आणि शेवटी तो विचारी, "घरी ठीक ना?" मी पत्र्याकडे पाहून सांगे, फोन ठेवी आणि उठून तेवढी ओळ तळहातानं पुसून टाकी. निरोप पोचल्याशिवाय पुसायचा नाही, असा माझा नेम होता. देवळात जाणाऱ्याला नसेल एवढा मला त्या नेमाचा गर्व होता.

अनसिंगचा म्हातारा ड्रायव्हर माझा या धंद्यातला गुरूच म्हणायचा. धंद्याच्या पहिल्याच वर्षी त्यानं मला बाकड्यावर शेजारी बसवून घेतलं.

"हे पाय भाऊ, स्टेरिंगवरच्या माणसाले वाईट खबर कवाच सांगू नको. त्याले एवढंच म्हणायचं, घरी काम हाये, चालला ये. बस."

"अन् त्यानं इचारलं, काय काम, तर?"

"नाही इचारत. इचाराची हिंमत नाही होत. पण एक ध्यानात ठेव. खबर थांबवायची, माणूस नाही. माणूस घराकडं वळवाचाच."

त्याच्या जोडीच्या एका ड्रायव्हरला कुणीतरी धर्मकाट्यावर, गाडीचं वजन चालू असताना, बाप गेल्याचं सांगितलं होतं. पुढच्या पुलावर गाडी खाली गेली. तेव्हापासून त्या रस्त्यावर हा रिवाज होता, आणि 'घरी काम आहे' या शब्दांचा अर्थ प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक होता. ऐकले की तो गप्प गाडी वळवी. दलाल हे शब्द वेळेवर उच्चारील, एवढ्या भरवशावर ती माणसं घर सोडून जात. भाडं चार आणे इकडं-तिकडं झालेलं ते विसरत, हे नाही.

किन्हीराजावाला माझ्याकडे येणाऱ्यांत सगळ्यात तरुण. धर्मांतराच्या वर्षी बापानं मुद्दाम शाळेत घातला, चौथीपर्यंत शिकला, आणि पुढं त्यांच्या घरातला स्टेरिंग धरणारा पहिला माणूस झाला. गाडी अकोल्याच्या मालकाची, पण परतीचा माल यानंच शोधायचा. शेडवर आला की आधी पत्र्यावरचे सगळे निरोप मोठ्यानं वाचून काढी, आपले आणि दुसऱ्यांचेही. "मंगरूळवाल्याच्या बहिणीचं जमलं म्हणते! आता पेढे काढाले लाव त्याले." त्याला गप्प बसवायला मी चहा मागवी. मला तो आवडत असे. हे आत्ता लिहिलं तर कुणी म्हणेल चोराच्या मनात चांदणं, पण आवडत असे हे खरं आहे.

मार्गशीर्षातला सोमवार होता. कापसाची जिनिंगं धडधडत होती, माल पडून होता आणि गाड्या मिळत नव्हत्या. किन्हीराजावाला ढेप घेऊन नांदेडला गेलेला. दुपारी त्याची बायको शेडवर आली. बाविशीची असेल. खांद्यावर चार वर्षांची पोर, डोळे मिटलेली, मान एका बाजूला टाकलेली. सरकारी दवाखान्यातूनच ती येत होती.

"गळा सुजला हाये. पाणीबी गिळून नाही राह्यली. डाक्टर म्हणते अकोल्याले न्या. मी एकली कशी नेऊ, भाऊ? घरी बुढा, त्याले दिसत नाही. हिच्या बाबाले बोलवा ना. कवा येतीन थे?"

"उद्या," मी म्हणालो. "नांदेडवरून फोन आला का इकडंच लावतो त्याले. तोवर तू दवाखान्यातच थांब."

ती वाशीमच्या पुढं कधी गेलेली नव्हती. मी खडू घेतला आणि तिच्यासमोर लिहिलं, 'सोम, किन्हीराजा, पोरगी आजारी, या.' तिला वाचता येत नव्हतं, पण लिहिलेलं पाहून तिला बरं वाटलं. त्या दिवशी माझ्या दारातून अकोल्याला सहा गाड्या गेल्या. सहाही ड्रायव्हर ओळखीचे, सगळे लेकुरवाळे. 'बाई, बस या गाडीत, हा उतरवून देईल दवाखान्याच्या दारात', एवढं एक वाक्य पुरे होतं. ते माझ्या तोंडून निघालं नाही. सुचलं नाही असं मी पुष्कळ वर्षं सांगत आलो. सुचलं नव्हतं हे खरंच आहे, पण त्यानं माझं मुळीच समाधान होत नाही.

मंगळवारी तीनच्या सुमाराला फोन आला. त्याआधी सकाळी आणखी एक आला होता. नांदेडच्या एका मोठ्या कापूस व्यापाऱ्याच्या गाठी हैदराबादला जायच्या होत्या. दोन गाड्या कबूल करून मी त्या देऊ शकलो नव्हतो. तो तापला होता. "आज गाडी लागली नाही तर वाशीमच्या एकाही गाडीला नांदेडहून माल मिळणार नाही, सांगून ठेवतो," असं तो म्हणाला, आणि तो तसं करू शकत होता. मी म्हटलं, आज लागते, माझा शब्द. शब्दाला जागणारा माणूस म्हणून माझं नाव होतं ना!

"भाऊ, ढेप उतरली," किन्हीराजावाला तारेतल्या खरखरीतून ओरडत होता. "खाली हाये गाडी."

"गाठी भरून घे. हैदराबाद. आजच्या आजच निघ."

"बरं." मग तो थांबला. "घरी ठीक ना?"

फोनवर बोलताना माझं तोंड पत्र्याकडेच असे. ओळ समोर होती, माझ्याच अक्षरात, वारासकट. तिथून रिकामा निघता तर रात्री आठपर्यंत तो वाशीमला पोचला असता. पोर दवाखान्याच्या ओसरीवर होती, माझ्यापासून पाच मिनिटांवर.

"ठीक हाये," मी म्हणालो. "तू चालला जा."

फोन ठेवल्यावर मी स्वतःची समजूत घातली, आणि कशी घातली तेही सांगतो. अनसिंगच्या म्हाताऱ्याचा नियम मला आठवला. स्टेरिंगवरच्या माणसाला वाईट खबर द्यायची नाही. मी तेच तर केलं! पोराचं आजारपण ते, दोन दिवसांत उतरेल, उगाच त्याचा जीव कशाला टांगणीला लावायचा? नियमाचा अर्धा भाग मी अगदी चोख पाळला. उरलेल्या अर्ध्याचं नाव मी मनातसुद्धा घेतलं नाही. संध्याकाळी ती ओसरीवरून उठून शेडवर आली, एकटीच, पोर शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या मांडीवर देऊन.

"आले का थे?"

"येऊन राह्यला. रस्त्यात हाये."

हे खोटं तर मी कुठल्या नियमात बसवू? ती माझ्या शब्दावर बुधवारचा अख्खा दिवस थांबली. बुधवारीही अकोल्याला गाड्या गेल्या. गुरुवारी सकाळी पोर गेली.

एसटीत मयत घेत नाहीत. म्हणून दवाखान्यातला शिपाई माझ्याकडे आला, एखादी गाडी मिळेल का विचारत. मिळाली. अर्ध्या तासात मिळाली. कारंज्याकडे निघालेली गाडी मी थांबवली, ड्रायव्हरला किन्हीराजाला उतरवून द्यायला सांगितलं, केबिनमध्ये गादी घातली, बाईला हात देऊन वर चढवलं. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमी लय केलं, भाऊ." त्या शब्दांनी मला जी लाज वाटली ती पुढं कुणाच्या शिव्यांनीही वाटली नसती. शिव्या कुणी दिल्याही नाहीत.

तो शनिवारी आला. हैदराबादहून थेट गाडी आणून शेडसमोर उभी केली, उतरला, क्लीनरला पाणी आणायला पाठवलं. पोरीसाठी हैदराबादहून लाल काचेच्या बांगड्या आणल्या होत्या, त्या मला दाखवायला खिशातून काढल्या. मी खुर्चीतून उठलो आणि रिवाजाचे शब्द म्हणालो.

"घरी काम हाये. चालला जा."

त्याच्या चेहऱ्यावरून सगळं उतरलं. म्हातारा बरोबर म्हणाला होता, कोणी काही विचारत नाही. त्याला वाटलं असेल बाप गेला. तो तसाच वळला, आणि वळताना सवयीनं त्याचे डोळे पत्र्यावर गेले.

ओळ तिथंच होती. निरोप पोचल्याशिवाय पुसायचा नाही ना! पोर जाऊन दोन दिवस झाले, ती ओळ रोज माझ्या डोळ्यांसमोर होती आणि माझा हात तिला लागला नव्हता. त्यानं ती वाचली. या वेळी मोठ्यानं नाही. ओठ हलले फक्त. 'सोम'वर त्याची नजर बराच वेळ थांबली. फोन त्यानं मंगळवारी केला होता. चौथी शिकलेल्या माणसाला यापेक्षा जास्त हिशोब लागत नाही.

मी म्हणालो, "अरे, तुले रस्त्यात सांगू नये म्हणून—"

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. बांगड्या टेबलावर ठेवल्या, पत्र्याजवळ गेला, तळहातानं ती ओळ पुसली, हात पँटला पुसला आणि निघून गेला. बांगड्या राहिल्या. मी त्या एसटीच्या कंडक्टरबरोबर किन्हीराजाला पाठवून दिल्या. त्या चौथ्या दिवशी त्याच कंडक्टरबरोबर परत आल्या.

तो परत येणार नाही असं मी धरून चाललो होतो. अनसिंगचा म्हातारा सगळ्यांसमोर माझं थोबाड रंगवील आणि शेड बंद पडेल, अशीही माझी अपेक्षा होती. खरं सांगायचं तर आशा होती. तसलं काही झालं नाही. महिन्याभरानं किन्हीराजावाला आला, माल विचारला, भरला आणि गेला. माझ्याकडे माल होता, त्याला तो हवा होता. म्हातारा तर म्हणाला, "माल चांगला देते तुमी," आणि चहाला न थांबता गेला. धंदा वाढला. पण बाकड्यावर निरोप घेऊन कुणी येईनासं झालं. बायाबापड्या पलीकडच्या पानवाल्याकडे निरोप ठेवू लागल्या, आणि ड्रायव्हर माझ्याकडे माल भरून पानवाल्याकडे घरचं विचारू लागले. माझा पत्रा कोरा राहिला. खडू मी काढून टाकला नाही.

किन्हीराजाच्या एसटीच्या कंडक्टरला मात्र मी रोज विचारत असे. त्या घरचा बुढा कसा आहे, ती कशी आहे. सगळी माहिती मी ठेवून असे. पुढच्या वर्षी तिला मुलगा झाला तेही मला त्याच्याकडून कळलं. जवळजवळ वर्षभर मी खरंखुरं 'ठीक' तयार ठेवून बसलो होतो, आणि ते मागायला कोणी येत नव्हतं.

एकदा हैदराबादहून त्याचा फोन आला. मिरची भरली, किती पोती, उद्या निघतो, असं सगळं त्यानं सांगितलं. मग तो थांबला. तार खरखरत होती. मला वाटलं, आता विचारेल. मी कोऱ्या पत्र्याकडे पाहत उभा राहिलो. शेवटी माझ्याच्यानं राहवेना.

"घरी ठीक हाये," मी म्हणालो. "खरंच ठीक हाये. आजच इचारलं मी."

"थे मी तुमाले इचारलं नाही," तो म्हणाला, आणि ऐकू आलं नसेल म्हणून पोत्यांचा आकडा त्यानं पुन्हा एकदा सांगितला.