सुती पातळांत बांधलेला पलंग

लाकडावर प्लास्टिक थेट गुंडाळू नये, हे मला बायकोने शिकवलं. कोथरूडच्या घरात आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही जेवणाच्या टेबलावर पारदर्शक प्लास्टिक अंथरलं होतं. मे महिन्यात ते चिकटून बसलं आणि पुढे काढायला गेलो तर पॉलिशचे पापुद्रे त्याच्याबरोबर निघून आले. तेव्हापासून घरात नियम झाला. लाकडाला आधी सुती कापड, मग काय हवं ते.

ती जानेवारीत गेली, संक्रांतीच्या थोडं आधी. मे महिन्यात आम्हाला घर सोडायचं होतं. आम्हाला म्हणजे मला. बोलण्यातली ही सवय अजून गेलेली नाही. सोसायटी पाडून तिथे नवी इमारत उभी राहायची होती. सह्या तिच्या आजारपणातच झाल्या होत्या, तिचीही झाली होती. शेजारची बिऱ्हाडं एकेक करून गेली. रिकाम्या घरांच्या खिडक्यांच्या चौकटी कोणीतरी काढून नेल्या, आणि जिन्यातून जाताना आतल्या भिंतींवर फोटो काढल्याचे चौकोन दिसत.

मुलगी खराडीत नोकरी करते आणि तिथेच राहते. तिच्याच इमारतीत, तिच्यापेक्षा दोन मजले खाली, तिने माझ्यासाठी एका बेडरूमचा फ्लॅट भाड्याने पाहिला होता.

"बाबा, पुस्तकं सगळी आणा," ती फोनवर म्हणाली. "कपाटंही आणा. पलंग नको."

"का?"

"खोली लहान आहे. मी एक बेड बघून ठेवलाय, खाली स्टोरेज असलेला."

मी खोली मोजून आलो होतो. "बसतो पलंग," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली.

पलंग सागवानी होता. आम्ही घर घेतलं तेव्हा एका सुताराकडून इमारतीच्या पार्किंगमध्येच करून घेतला होता. त्यात स्क्रू नव्हते. लाकडाच्या खाचेत लाकूड बसवून वर पाचर ठोकलेली. उशाकडची फळी चांगली उंच होती, कारण बायकोला टेकून वाचायची सवय. तिच्या बाजूला फळीवर केसांच्या तेलाचा एक गडद डाग पडला होता, साधारण तळहाताएवढा. झोप येऊ लागली की ती उजवीकडे कलायची, म्हणून डागही उजवीकडे ओघळल्यासारखा होता. एकदा पॉलिशवाल्याने तो घालवायचा प्रयत्न केला आणि तेल आत मुरलंय म्हणून सोडून दिला. तेव्हा ती हसली होती.

आजार वाढला तेव्हा डॉक्टरांनी डोक्याकडून वर-खाली होणारी लोखंडी खाट भाड्याने आणायला सुचवलं. तिने नकार दिला. ती याच पलंगावर राहिली आणि मी खाली गादी टाकून झोपू लागलो. मुलगी रजा संपल्यावर पायथ्याशी बसून लॅपटॉपवर काम करायची. शेवटच्या क्षणी बायकोजवळ मुलगी एकटीच होती. मी औषधाच्या दुकानात गेलो होतो. परत आलो तेव्हा मुलगी खिडकीपाशी उभी होती आणि सगळं झालेलं होतं.

आमच्यात शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसाला पलंगावरून खाली जमिनीवर घेतात. बायकोच्या थोरल्या बहिणीने, ताईंनी, आधीच्या दिवशी तसं सांगितलंही होतं. पण तिला नुसतं कुशीवर वळवलं तरी ती कण्हायची. आम्ही घेतलं नाही. पुढे दिवसवारे झाले तेव्हा ताई म्हणाल्या, निदान शय्यादानात हा पलंग देऊन टाका. गुरुजींनी पलंगाकडे बघितलं आणि म्हणाले, "अहो, मी एका खोलीत राहतो. हा आला तर मला आणि बायकोला बाहेर झोपावं लागेल." मग एक गादी, उशी आणि चादर दिली. ताईंच्या मनात मात्र ते अर्धवटच राहिलं.

सामान हलवायच्या आदल्या दिवशी मी पुस्तकांच्या कपाटांना घरातल्या सगळ्या चादरी बांधल्या. पलंगाला काही उरलं नाही. तिचं कपड्यांचं कपाट मी जानेवारीपासून उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं आणि सुती पातळं काढून पलंगावर रचत गेलो. रोज घरात नेसायची, धुऊन धुऊन मऊ झालेली. नुसता कपाटाचा वास घेत बसलो असतो तर मला ते जमलं नसतं. काम होतं म्हणून जमलं.

ताई डबा घेऊन आल्या तेव्हा मी उशाची फळी गुंडाळत होतो. त्या दारातच थांबल्या.

"खाली घ्या म्हटलं तेव्हा घेतलं नाहीत," त्या म्हणाल्या. "आता पलंगाला पातळं नेसवा."

"सुती कापड दुसरं उरलं नाही, ताई."

"आणि हा न्यायचा आहे? नव्या घरात?"

"हो."

"पोरीला विचारलंत?"

"ती बरं म्हणाली."

"ती बरंच म्हणणार. तिच्या आईवर गेलीय." त्यांनी डबा ओट्यावर ठेवला आणि परत येऊन पलंगाच्या कडेला बसल्या. थोड्या वेळाने ढिगाला हात घातला. "हे नको, भाऊजी. काठ जरीचा आहे, पॉलिशवर घासेल. हे घ्या, हे पार विरलंय." मग एक पिवळसर, बारीक चौकड्यांचं पातळ उचलून त्यांनी घडी घातली आणि आपल्या पिशवीत ठेवलं. "हे माझं. एका गणपतीत नेसायला दिलं होतं. परत द्यायचं नावच घेतलं नाही तिनं."

आम्ही दोघांनी मिळून फळी बांधली. कोपऱ्यांना पातळाच्या चौपदरी घड्या दिल्या, त्यावर पुठ्ठा लावला. सुतळीच्या गाठी मागच्या बाजूला घेतल्या, म्हणजे पुढच्या पॉलिशवर दाब येणार नाही. तेलाचा डाग होता तिथे ताईंनी कापडाचा आणखी एक पदर सरकवला आणि वरून दोनदा हात फिरवला. जाताना म्हणाल्या, "पोर काय म्हणाली ते नका ऐकू. काय म्हणाली नाही ते बघा."

सकाळी पॅकर्सची माणसं आली. त्यांचा मुकादम यवतमाळकडचा होता. पातळं बघून त्याने प्लास्टिकच्या फिल्मचा रोल पुढे केला.

"काका, वरून फिल्म मारून देतो न. मग काहीच होत नाही."

"नको. बंद टेम्पोत घाम धरेल."

"पण हे असं बरं नाही दिसत."

"दिसू दे."

तो खांदे उडवून कामाला लागला. कडेच्या पट्ट्या निघता निघेनात. इतक्या वर्षांत लाकूड लाकडात रुतून बसलं होतं. हातोडी थेट मारू दिली नाही. फळकुटाला फडकं गुंडाळून त्यावर ठोकायला लावलं. पाचरी एकेक करून निघाल्या. त्यांच्या जागी आतलं लाकूड पिवळं, कोरं दिसलं.

उशाची फळी लिफ्टमध्ये मावली नाही. कडेच्या दोन्ही पट्ट्या तिच्याखाली बांधून एकाच खेपेत जिन्याने न्यायचं ठरलं. फळी उताणी ठेवा, असं मीच सांगितलं, म्हणजे पॉलिशची बाजू वर राहील, कठड्याला घासणार नाही. चौघांनी ओझं खांद्यावर घेतलं. मी पुढे झालो आणि वळणावळणाला "सावकाश, डावीकडे घ्या" असं सांगत उतरू लागलो.

दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहत. आमच्यासारखेच मागे राहिलेले. ते दुधाची पिशवी घेऊन वर येत होते. आम्हाला बघून ते भिंतीला लागून उभे राहिले, चपला काढल्या, पिशवी मनगटात अडकवून हात जोडले. ओझं त्यांच्यासमोरून गेल्यावर हलक्या आवाजात मला विचारलं, "कधी झालं?"

"काय?"

त्यांनी पुन्हा नीट बघितलं. "सामान होय," ते म्हणाले. "माफ करा हं. सगळ्यांचं सामान लिफ्टने गेलं, हल्ली या जिन्यावरून दुसरं काही उतरताना बघितलेलं नाही." आणि चपला घालून वर गेले.

मुकादम हसला. मलाही हसू येत होतं. मग मी खाली बघितलं. पुढच्या वळणावर मुलगी उभी होती. माणसांसाठी पाण्याच्या बाटल्या आणायला गेली होती ती, केव्हा परत आली होती कोण जाणे. निळ्या फुलांच्या पातळात बांधलेली ती लांब फळी खांद्यांवरून खाली येत होती आणि ती त्या फळीकडे बघत होती. तिने बाटल्या पायरीवर ठेवल्या आणि बाहेर गाडीत जाऊन बसली.

टेम्पो पुढे निघाला, आम्ही तिच्या गाडीतून मागे. टेम्पोच्या मागच्या दाराच्या फटीतून पातळाचं एक टोक बाहेर आलेलं दिसत होतं. आम्ही नदीवरचा पूल ओलांडला.

"बाबा, तुम्ही तेव्हा औषधं आणायला गेला होतात," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

"नाही. तुम्हाला माहीत नाहीये." तिची नजर रस्त्यावरच होती. "तिने फळी धरली होती. हात असा डोक्यावरून मागे नेऊन. मी म्हटलं, आई, माझा हात धर. पण तिने फळीच धरली. मग ते झालं, आणि तुम्ही यायच्या आत मला तिची बोटं सोडवावी लागली. एकेक."

मागून कोणीतरी हॉर्न वाजवत होतं.

"तू सांगितलं नाहीस," मी म्हणालो.

"काय सांगणार?"

"टेम्पो थांबवू का? फोन करतो त्याला."

"आणि रस्त्यात उतरवणार? नगर रोडवर?" तिने गिअर टाकला. "राहू दे. तुम्हाला दुसरीकडे झोप कुठे लागणार आहे."

मी थांबवायला हवं होतं असं आता म्हणता येतं. तेव्हा मी गप्प बसलो, कारण ती म्हणाली ते खरं होतं. मला पलंग हवा होता.

खराडीच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळपर्यंत तो जोडून झाला. मी पातळं सोडून बघितली. कुठे ओरखडा नव्हता, कोपरा दबला नव्हता, पॉलिश जसंच्या तसं. मुकादमही म्हणाला, "एवढं शाबूत सामान नाही जात कोणाचं." मी पातळांच्या घड्या घालून ठेवल्या आणि उजेड असेपर्यंत फळीच्या वरच्या कडेकडे बघत बसलो. मुलीचा हात कुठे असेल, बायकोचा कुठे असेल, हे जुळवून बघायचं नव्हतं, पण डोळे तेच करत राहिले. त्यानंतर मी त्या पलंगावर झोपलो ते कडेला अंग चोरून. फडकं मारताना वरच्या कडेपाशी आलं की हात थांबायचा. ती कडा मी तशीच सोडून द्यायचो.

मुलगी रोज येई. ऑफिसला जाताना आणि परतल्यावर. भाजी आणायची, ओट्यापाशी उभी राहून चहा करायची, हॉलमध्ये बसून फोनवर बोलायची. आतल्या खोलीत ती आली नाही. माझा चष्मा आत राहिला तर "बाबा, चष्मा घेऊन या ना" म्हणायची. इस्त्रीचे कपडे आतल्या खोलीच्या दाराशी खुर्चीवर ठेवून जायची. मला वाटलं, होईल हळूहळू.

पावसाळ्यात मला ताप आला. दुपारभर अंगावर चादर घेऊन पडून होतो. संध्याकाळी तिने आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडलं, हाका मारल्या. मी आतून ओ दिली, पण आवाज नीट फुटला नसावा. ती दारापर्यंत आली. हातात थर्मामीटर होता.

"बघू," ती म्हणाली आणि एक पाऊल आत टाकलं.

मी फळीला टेकून बसलो होतो. ताप असला की मान धरवत नाही, म्हणून हात मागे नेऊन आधार घेतला असेन. मला स्वतःला ते कळलं नव्हतं. तिच्या चेहऱ्याकडे बघून कळलं. तिने टाकलेलं पाऊल मागे घेतलं.

"लांबच थांब," मी म्हणालो. "व्हायरल असेल."

"मूर्खासारखं बोलू नका, बाबा," ती म्हणाली. पण ती जागची हलली नाही. हातातला थर्मामीटर पुढे धरून ती उंबऱ्यापाशी उभी राहिली. ती माझ्याजवळ येऊ बघत होती आणि तिला येता येत नव्हतं.

मी चादर बाजूला केली. उभा राहिलो, भिंत धरून दारापर्यंत आलो आणि तिच्या हातातून थर्मामीटर घेतला. तिने माझा दंड घट्ट पकडला. हॉलमध्ये तिने खाली गादी घातली, मला झोपवलं, कपाळावर घड्या ठेवल्या. बराच वेळ माझं मनगट धरून बसली होती.

ताप उतरल्यावर मी आत गेलो नाही. हॉलमध्येच झोपतो. तिने एक साधी दुमडती खाट आणून दिली, न विचारता. आता ऑफिसमधून आली की ती त्या खाटेवर मांडी घालून बसते, ताटलीत घेऊन खाते, दिवसभराचं सांगते. अधूनमधून आईबद्दलही बोलते. गाडीतलं ते बोलणं सोडलं तर जानेवारीपासून ती आईबद्दल बोलली नव्हती.

पलंग आतल्या खोलीत आहे. खिडकी मी रोज सकाळी उघडतो, कारण दमट हवेत लाकूड कोंडून ठेवलं तर त्याला बुरशी धरते. संध्याकाळी तिची पावलं जिन्यावर वाजली की उठतो आणि त्या खोलीचं दार ओढून घेतो.