वंदनाचं इंग्रजी

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. सांगायला तोंड उघडलं की आधी रागच बाहेर येतो — कंपनीवर, पुण्यावर, त्या साहेबी उच्चारांवर — आणि खरी गोष्ट आतच राहते. आजही आधी रागच येणार. चालेल ना?

मी अकोल्यात घरी बसून पुण्याच्या एका कॉल सेंटरचं काम करते. गिऱ्हाइकांशी फोनवर इंग्रजीत बोलायला माणसं निवडायची. उमेदवाराचं रेकॉर्डिंग ऐकायचं, शेरा द्यायचा. आमच्यात एक शब्द आहे, एमटीआय — म्हणजे तुमच्या इंग्रजीतून तुमची मातृभाषा किती ऐकू येते. जास्त आली की नापास. आता गंमत बघा. स्कॉटलंडचं गिऱ्हाईक असं बोलतं की चारदा ऐकूनही डोक्यावरून जातं. त्याला कोणी नापास करतं? उलट आम्हीच 'सॉरी सर' म्हणतो. आणि परतवाड्याचा पोरगा 'झिरो'ला 'जिरो' म्हणाला की सगळे हसून लोळतात. मीही हसते. सगळ्यांत आधी हसते. मी अमरावतीजवळच्या वलगावची, हे तिथे कोणालाच माहीत नाही. 'कुठली तू?' विचारलं तर बिनदिक्कत 'पुण्याचीच' म्हणते.

तर, वंदना. अचलपूरची. कॉलेजात असताना आम्ही अमरावतीला, राजापेठेत एका खोलीत राहायचो. माझं इंग्रजी तेव्हा तोंडातच अडायचं. 'चुकलं तं चुकलं, बोल ना वं! कोन फाशी देऊन राहिलं तुले?' — ती म्हणायची. स्वतः भाजीवाल्याशी इंग्रजीत भाव करायची. आणि बाप्पा, तो भाव कमीही करायचा!

मागच्या वर्षी तिचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आलं. शाळेतली नोकरी सुटलेली, सासू अंथरुणाला खिळलेली. घरबसल्या काम मिळालं तरच तिचं भागणार होतं. हे सगळं मला माहीत होतं. मी नेमकं काय काम करते, हे मात्र मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

चिडलेलं गिऱ्हाईक बनलेल्या आमच्याच माणसाला शांत करायचं, ही परीक्षा. तिनं त्याला असं काही समजावलं की शेवटी तो हसला. कुठे अडखळणं नाही, काही नाही. पण आवाज अख्खा अचलपूरचा. आणि माझ्या डोळ्यांपुढे काय आलं? टीमच्या मीटिंगमध्ये ही सगळ्यांदेखत विचारतेय, 'काहून वं, वलगावले कधी येऊन राहिली?'

मी लिहिलं — एमटीआय जास्त. नापास.

याहून जाड वऱ्हाडी इंग्रजी बोलणाऱ्यांना मी पास केलंय. ते मला ओळखत नव्हते, एवढंच.

संध्याकाळी तिचा फोन. 'मले नापास केलं वं. बोलनं गावठी आहे म्हने. तू शिकवशीन का मले, तुयासारखं बोलाले?'

हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? मग दर रविवारी व्हिडिओ कॉल. जीभ इथं लाव, हा शब्द असा नको, थांब, परत म्हण. मी वैतागायचे, तिच्यावर ओरडायचे — तिच्यावर! ती मुकाट्यानं परत म्हणायची. फोन ठेवताना दर वेळी 'थँक्यू वं'.

परवा तिनं पुन्हा परीक्षा दिली. या खेपेला शेरा दुसऱ्या कोणाचा होता, पण रेकॉर्डिंग मी शोधून ऐकलं. उच्चार अगदी स्वच्छ, माझ्यासारखे. आणि प्रत्येक शब्दाआधी ती थांबत होती. गिऱ्हाईक चिडत गेलं, ती 'सॉरी सर, सॉरी सर' करत राहिली. त्यानं फोन आपटला. शेरा होता: उच्चार उत्तम, बोलायला घाबरते. नापास.

लगेच तिचा फोन आला. रडत नव्हती. म्हणाली, 'तुयी काही चूक नाही वं. माहीच जीभ जड आहे.'

सांगायला तीच वेळ होती. मी म्हटलं, असू दे, रविवारी परत बसू.